दफ्तरदारांचा गुडघा

दफ्तरदारांनी नव्या गुडघ्याचा व्यायाम एकंदर चार दिवस केला होता, आणि व्यायामाच्या संशोधनाला सल्ला द्यायला हॉस्पिटलने बरोब्बर त्यांनाच बोलावलं. पत्र अगदी रीतसर होतं. वर बोधचिन्ह, कोपऱ्यात जावक क्रमांक, खाली गोल शिक्का. 'गुडघा बदलल्यानंतर घरी करावयाच्या व्यायामाबाबत आमच्याकडे संशोधन सुरू असून ते रुग्णांना विचारून, रुग्णांना सोबत घेऊन व्हावे अशी योजना आहे. आपण भरलेली नोंदवही पाहून रुग्ण सल्लागार म्हणून आपली निवड करण्यात येत आहे.' दफ्तरदारांनी पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात छाती फुगली. दुसऱ्या वाचनात 'नोंदवही पाहून' हे दोन शब्द दिसले आणि ती मूळ जागी आली.

दफ्तरदार हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कार्यालयाचं रेकॉर्ड सांभाळलं, म्हणून बिल्डिंगने त्यांना हे नाव दिलं, आणि आता तर पोस्टमनसुद्धा पाटीवरचं आडनाव न वाचता याच नावाने हाक मारायचा. नोकरीत त्यांनी एकच धर्म पाळला होता. रकाना रिकामा ठेवायचा नाही. माहिती असेल तर माहिती लिहावी, नसेल तर 'निरंक' लिहावं, लागू नसेल तर 'लागू नाही' लिहावं, पण कोरं काही सोडू नये. कोरा रकाना म्हणजे माणसाने काम केलं नाही याचा लेखी पुरावा, असं ते नव्या कारकुनांना सांगत. लाँड्रीच्या पावतीवर 'शेरा' अशी एक जागा असते. तिथे आजवर जगात कुणी काही लिहिलं नसेल. दफ्तरदार लिहीत. 'कॉलर ठीक.'

ऑपरेशननंतर हॉस्पिटलच्या फिजिओ मॅडमनी त्यांच्या हातात एक चोपडी दिली होती. तीन महिन्यांची तीन पानं, दर पानावर तारखा, प्रत्येक तारखेसमोर 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे दोन चौकोन, आणि शेवटी 'वेदना' नावाचा रकाना. व्यायाम केला की बरोबरची खूण करायची आणि वेदना नाही, किंचित की खूप, ते लिहायचं. सोबत सूचनांचा कागद होता. दफ्तरदारांनी पहिले चार दिवस व्यायाम इमानदारीने केला. पाचव्या दिवशी सकाळी गुडघा वाकवताना आतून 'कट्' असा आवाज आला आणि एक कळ पार मांडीपर्यंत गेली.

दफ्तरदारांचं तोंडचं पाणी पळालं. नवाकोरा सांधा, अजून महिनाही झाला नाही, आणि आपण तो मोडला की काय? सूचनांचा कागद काढला. तिसरी सूचना म्हणत होती, 'व्यायाम रोज करावा, एकही दिवस चुकवू नये.' सातवी म्हणत होती, 'दुखल्यास थांबावे.' दफ्तरदार नियमाने चालणारा माणूस. दोन नियमांत विरोध आला तर नंतरचा नियम ग्राह्य धरायचा, असा कार्यालयीन संकेत आहे. ते थांबले. ते जे थांबले ते तीन महिने थांबले. आवाजाबद्दल त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, कारण सांधा खरंच मोडला असेल तर तो कुणाच्या हातून मोडला, हा प्रश्न आलाच असता.

आणि चोपडी परत द्यायच्या आदल्या दुपारी ते टेबलाशी बसले. ते काम मात्र त्यांनी मन लावून केलं. चार वेगवेगळी पेनं घेतली. काही खुणा घाईतल्या केल्या, काही निवांत. दर आठवड्याला एकदा 'वेदना: किंचित' टाकलं, कारण सगळीकडे 'नाही' लिहिलं तर तपासणाऱ्याला संशय येतो. ऑक्टोबरच्या पानावर कपाचं बूड टेकवून चहाचा एक गोल डागही पाडला. काकू, म्हणजे दफ्तरदारांच्या पत्नी, हे सगळं दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अहो, निदान चार-दोन दिवस तरी चुकल्याचं दाखवा. माणूस आहात तुम्ही."

"आणि रकाने रिकामे ठेवू?" दफ्तरदार म्हणाले. ते खरोखर दुखावले होते.

तर अशी ती नोंदवही. ती पाहून निवड झाली होती. काकूंनी पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "जा आणि सांगून टाका. फार तर काय, हसतील." पण हसणं ही दफ्तरदारांच्या दृष्टीने 'फार तर' म्हणायची गोष्ट नव्हती, तीच पहिली भीती होती. त्यांनी विचार केला, एक मीटिंग करू, चहा पिऊ आणि प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा देऊ. ही योजना चांगली होती, पण ती खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांना माहीत नव्हती.

विमावाले हे सोसायटीचे सेक्रेटरी. पोस्टमनच्या हातातलं पाकीट बाहेरून वाचण्याची त्यांची हातोटी होती. संध्याकाळपर्यंत नोटीस बोर्डावर लागलं, 'आपल्या सोसायटीचे ज्येष्ठ सदस्य यांची वैद्यकीय संशोधक म्हणून नियुक्ती झाल्याबद्दल अभिनंदन.'

"अहो, संशोधक नाही, सल्लागार," दफ्तरदार जिन्यात म्हणाले.

"तेच ते. संशोधक नुसतं शोधतो, सल्लागार त्याला सांगतो काय शोध," विमावाले म्हणाले. "आता मिळमिळीत राहू नका. पहिल्याच मीटिंगला मागण्या ठेवा. आपण लोकांचे प्रतिनिधी."

झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक मागण्या आणून देऊ लागले. हॉस्पिटलच्या बाकांना पाठ असावी. नंबर पुकारणाऱ्या बाईंनी जरा मोठ्याने पुकारावं. पहिल्या मजल्यावरच्या घड्याळजींचं म्हणणं होतं की हॉस्पिटलमधली तीन घड्याळं तीन वेळा दाखवतात आणि त्यातलं एकही बरोबर नाही. एका गृहस्थांनी आपल्या मेव्हण्याच्या मूळव्याधीवरही संशोधन व्हावं असा अर्ज दिला, मेव्हण्याच्या संमतीशिवाय. दफ्तरदारांना हे लोक नकोसे वाटत होते, पण कागद समोर आला की त्यांच्याने राहवेना. त्यांनी फाईल उघडली आणि प्रत्येक अर्जाला आवक क्रमांक दिला. आठवड्यात ते त्रेचाळीसवर पोचले.

चव्वेचाळिसाव्या समोरच्या ब्लॉकमधल्या मावशी होत्या. त्या एकट्या राहत. दोन्ही गुडघ्यांनी त्या इतक्या थकल्या होत्या की समोरचं दार गाठेपर्यंत मध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे अर्ज नव्हता, एक वही होती. "पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे," त्या म्हणाल्या. "मला त्या मॅडम म्हणाल्या, व्यायाम घरीच करायचा, चोपडीत खूण करत जायची. म्हणून मी हो म्हटलं बघा. रोज तीन जिने उतरून हॉस्पिटलात जायचं असतं तर मी आहे तशीच बसले असते. तुम्ही तीन महिन्यांत एक दिवस चुकला नाहीत म्हणे. कसं जमवलंत, ते लिहून घ्यायला आलेय."

दफ्तरदारांनी त्यांना वेळापत्रक आखायला सांगितलं, पेन जवळ ठेवायला सांगितलं, आणि मावशींनी ते सगळं लिहून घेतलं. काकू आत भांडी जरा जोरात ठेवत होत्या.

पहिल्या मीटिंगला दफ्तरदार अर्धा तास आधी हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचले. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "रुग्ण की नातेवाईक?"

"सल्लागार."

"म्हणजे कुणाचे नातेवाईक?"

पत्र दाखवलं. फाटकवाल्याने ते उलटंसुलटं पाहिलं आणि केसपेपरच्या खिडकीकडे बोट केलं. केसपेपर असल्याशिवाय आत सोडायचा हुकूम नव्हता. खिडकीतल्या बाईंनी नाव, वय, पत्ता लिहिलं आणि विचारलं, "त्रास काय?"

"त्रास काही नाही. मी मीटिंगला आलोय."

"काका, इथे त्रास लिहावाच लागतो. रकाना रिकामा ठेवता येत नाही."

चौतीस वर्षं दफ्तरदार हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवत आले होते. "लिहा, गुडघा," ते म्हणाले. त्यानंतर त्यांच्या हातात काही राहिलं नाही. त्यांचं वजन झालं, रक्तदाब झाला (वाढलेला निघाला, यात नवल नाही), एका रांगेत बसवून एक्स-रे झाला, आणि एका पोरगेल्या डॉक्टरने फिल्म उजेडाला धरून विचारलं, "सांधा उत्तम बसलाय. व्यायाम करता ना?"

"नियमित," दफ्तरदार म्हणाले. पण त्यांच्या कानात मात्र 'उत्तम बसलाय' हे दोनच शब्द घुमत राहिले. म्हणजे मोडला नव्हता. तीन महिने ज्याच्या भीतीने पाय उशीवर ठेवून बसलो, ते झालंच नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण त्याच्या मागोमाग आपण किती मोठे मूर्ख आहोत हा विचार आला आणि तोच जास्त वेळ थांबला. मीटिंगच्या खोलीत ते पोचले तेव्हा रिकामे कप गोळा करणं चाललं होतं.

दुसऱ्या मीटिंगपासून त्यांना फाटकावर ओळखू लागले. मंडळात एकूण आठ सल्लागार होते, त्यांतले बोलणारे तिघेच. एक शिंपीदादा, गळ्यात टेप घालूनच येणारे. एक निवृत्त हेडबाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्या दुसऱ्याचं वाक्य संपल्यावर 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत. आणि तिसरे दफ्तरदार. फिजिओ मॅडम तिशीच्या, बारीक आवाजाच्या आणि कधीच घाईत नसलेल्या. त्यांनी आधी कागद दाखवले, मग विचारलं, हे शब्द कळतात का, चित्रं बरी आहेत का, अक्षर मोठं हवं का. सल्लागारांनी सल्ले दिले. दफ्तरदारांनी अनुक्रमांकाचा रकाना सुचवला. वातावरण फार खेळीमेळीचं होतं.

मग मॅडम म्हणाल्या, "आणि व्यायाम राहून गेला, असा एखादा दिवस? तेव्हा काय झालं होतं?"

आठही जण छताच्या पंख्याकडे बघायला लागले. पंख्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तो बंद होता.

"आमच्यात तर राहतच नाही," शिंपीदादा म्हणाले. "मशीनवर बसल्या बसल्या दहाचे वीस होतात."

"शिस्त असली की प्रश्न येत नाही," हेडबाई म्हणाल्या.

"माझी नोंदवही आपल्याकडे आहेच," दफ्तरदार म्हणाले.

मॅडमनी मान हलवली, काही लिहिलं नाही, आणि पुढच्या मीटिंगला पुन्हा तोच प्रश्न विचारला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, त्यातली गत. दफ्तरदारांना वाटायचं, ही पोरगी प्रश्न सगळ्यांना विचारते पण बघते माझ्याकडे. गंमत अशी की बाकीच्या सातांनाही हेच वाटत होतं, पण ते पुढे कळलं.

राजीनाम्याचा अर्ज दफ्तरदारांनी तीन वेळा लिहिला, तो खिशातच राहिला. कारण मध्यंतरी मॅडम म्हणाल्या की संशोधन खोलीत बसून पुरत नाही, वस्तीतल्या लोकांचंही ऐकायला हवं, कुणाच्या परिसरात सभा घेता येईल का? दफ्तरदारांनी हात वर केला नव्हता. पण ही गोष्ट त्यांनी घरी काकूंना सांगितली, दार उघडं होतं, आणि जिन्यात विमावाले होते.

रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या गाड्या बाहेर निघाल्या आणि साठ खुर्च्या आत आल्या. गुडघ्याच्या निमित्ताने मान, कंबर आणि टाचदुखीवालेही जमले. सभेला फिजिओ मॅडम आल्या आणि त्यांच्याबरोबर मोठे डॉक्टरही आले. मोठे डॉक्टर विभागाचे प्रमुख. सज्जन गृहस्थ, पण आकड्यांवर त्यांची श्रद्धा. माणूस काय म्हणतो यापेक्षा कागद काय म्हणतो ते ते आधी बघत, त्यामुळे दफ्तरदारांना ते पाहताक्षणी आवडले होते.

विमावाल्यांच्या हातात माईक होता. प्रास्ताविकात त्यांनी दफ्तरदारांना हरभऱ्याच्या अशा झाडावर चढवलं की उतरायला शिडी नव्हती. "तीन महिने! सकाळ-संध्याकाळ! एक दिवस खंड नाही! नुसतं सांगून काय उपयोग? आपण त्यांनाच विनंती करू, की त्यांनी व्यायाम प्रत्यक्ष करून दाखवावा!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत मावशी वही उघडून बसल्या होत्या. खाली सतरंजी अंथरली गेली. माणसाने नाही म्हणायचं असतं ते याच वेळी, पण टाळ्या वाजत असताना नाही कसं म्हणायचं ते दफ्तरदारांना कुणी शिकवलं नव्हतं. ते खांबाला धरून, मग खुर्चीला धरून, मग विमावाल्यांना धरून सतरंजीवर बसले. पाय लांब केला. "आता टाच हळूहळू मागे ओढायची," ते माईकमध्ये म्हणाले, आणि टाच ओढली. टाच वीतभर आली आणि थांबली. त्यांनी दम धरून पुन्हा ओढली. गुडघा अर्ध्या उघडलेल्या खिडकीसारखा तिथेच अडकून राहिला. पाठीमागून एका बाईंचा आवाज आला, "एवढंच वाकवायचं असतं होय? मग माझा ऑपरेशनशिवायच बरा आहे."

उठायची वेळ आली तेव्हा दफ्तरदारांना उठता येईना. चौघांनी धरलं. एकाने काखेत, एकाने कमरेत, घड्याळजींनी नुसत्या सूचना दिल्या. अखेर खुर्ची जवळ आणून त्यांना तिच्यावर ठेवण्यात आलं. माईक चालूच होता, त्यामुळे त्यांचं 'आई गं' वरच्या मजल्यापर्यंत गेलं, जिथे काकू भाग घ्यायचं नाकारून बसल्या होत्या.

मोठे डॉक्टर पुढे आले. "मोजा बरं," ते मॅडमना म्हणाले. मॅडमनी कोन मोजायची पट्टी लावली. सत्तर अंश.

"आणि नोंदवहीत व्यायाम किती?"

"शंभर टक्के," मॅडम म्हणाल्या, आणि दफ्तरदारांकडे पाहून जरा थांबल्या.

"हवेतल्या गारठ्याचा परिणाम असेल," दफ्तरदार म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "हे पाहा, बाकीच्या सातांचेही आकडे असेच आहेत. व्यायाम पूर्ण, आणि गुडघा अडकलेला. याचा सरळ अर्थ, घरच्या व्यायामाचा उपयोग होत नाही. मग ही योजना चालवायची कशाला? गुरुवारच्या मीटिंगमध्ये बंद करून टाकू. यापुढे पेशंटने रोज हॉस्पिटलात यावं." ते हे रागाने म्हणाले नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

मावशींनी वही मिटली. "मग माझं ऑपरेशन राहू द्या," त्या शेजारच्या बाईंना म्हणाल्या, आणि भिंतीला धरून जिन्याकडे निघाल्या. तीन जिने चढायला त्यांना वीस मिनिटं लागली. दफ्तरदारांना त्याहून जास्त लागली असती, पण ते खालीच बसून राहिले.

सोमवार, मंगळवार, बुधवार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असे ते तीन दिवस गेले. सांगावं तर चौतीस वर्षांची अब्रू जाते. न सांगावं तर समोरचं दार बंद राहतं, आणि ते दार त्यांच्या खुर्चीतून सरळ दिसत होतं. बुधवारी संध्याकाळी ते काकूंना म्हणाले, "खोट्या नोंदीवरून योजना बंद झाल्याचं आमच्या ऑफिसात एकदा घडलं होतं. नोंद करणाऱ्याला मी माफ केलं नव्हतं."

काकू भाजी निवडत होत्या. "त्याने आपणहून सांगितलं होतं का?"

"नाही. मी पकडला होता."

"मग तुमचं तेवढं तरी बरं आहे," काकू म्हणाल्या, आणि गुरुवारी त्यांचा इस्त्रीचा शर्ट न सांगता बाहेर काढून ठेवला.

मीटिंगमध्ये मोठ्या डॉक्टरांनी ठराव वाचायला घेतला आणि दफ्तरदार उभे राहिले. म्हणजे उभे राहायला लागले. ते पूर्ण उभे राहीपर्यंत सगळ्यांना थांबावं लागलं. अशा प्रसंगी साध्या भाषेत बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "माझ्या नोंदवहीबाबत खुलासा सादर करायचा आहे," ते म्हणाले. "दिनांक एक ते चार ऑगस्ट या नोंदी खऱ्या आहेत. पाच ऑगस्टपासून पुढच्या सर्व नोंदी प्रत्यक्षात काहीही न करता केलेल्या आहेत. सर्व एका दुपारी. चार पेनांनी. चहाचा डाग अपघाती नसून तोही मीच पाडलेला आहे."

कुणी हसलं नाही. ते त्यांना हसण्यापेक्षा अवघड गेलं.

"पण का?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"पाचव्या दिवशी आतून आवाज आला. मी घाबरलो हो. वाटलं, मोडला. कागदात लिहिलंय रोज करा, आणि कागदातच लिहिलंय दुखल्यास थांबा. किती दुखलं म्हणजे थांबायचं, ते कुठेच नाही. थांबलो. मग थांबलो हे सांगायची लाज वाटायला लागली."

"अहो, मग तसं लिहायचं होतंत!"

"कुठे लिहू?" दफ्तरदार म्हणाले. "रकाना नव्हता."

मोठ्या डॉक्टरांनी चोपडी उघडून पाहिली. सकाळ, संध्याकाळ, वेदना. खरंच नव्हता.

शिंपीदादांनी गळ्यातला टेप काढून हातात घेतला. "माझी वही आमच्या सुनेने भरली," ते म्हणाले. "मी नुसता महिन्याचं नाव सांगत होतो." मग एकेक जण बोलायला लागला. कुणाला पाय सुजल्यावर भीती वाटली होती, कुणाच्या घरात जमिनीवर पाय लांब करायला जागा नव्हती, एकीला जखम उसवेल असं शेजारणीने सांगितलं होतं. मॅडम या वेळी लिहीत होत्या, भराभरा, मान वर न करता. सगळ्यांत शेवटी हेडबाई म्हणाल्या, "माझीही चूक," आणि रुमालाने चष्मा पुसत बसल्या.

"तुमचा तो आवाज," मॅडम दफ्तरदारांना म्हणाल्या, "तो नव्या सांध्यात पुष्कळांना येतो. मला फोन केला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं. पण फोन करा असंही आम्ही कुठे लिहिलं नव्हतं." मग त्यांनी आठही चोपड्या टेबलावर मांडल्या आणि प्रत्येकीचं मधलं पान उघडलं. "छापखान्याने तिन्ही पानांवर एकतीस-एकतीस तारखा छापल्यात. एकतीस सप्टेंबर. काका, त्या दिवशी तुम्ही सकाळी व्यायाम केलाय, संध्याकाळी केलाय, आणि संध्याकाळी तुमचा गुडघा किंचित दुखलाय."

दफ्तरदारांनी पान पाहिलं. खूण सुबक होती. ती त्यांनी निळ्या पेनने केली होती.

"सप्टेंबर तीस दिवसांचा असतो, हे मी पस्तीस वर्षं मुलांकडून घोकून घेतलंय," हेडबाई खचून म्हणाल्या. त्यांच्याही चोपडीत एकतीस तारखेला दोन खुणा होत्या.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?" दफ्तरदार म्हणाले.

"हो. ज्यांनी ज्यांनी एकतीस सप्टेंबरला व्यायाम केला, त्याच आठ जणांना मी बोलावलं. करणाऱ्यांकडून मला काय कळणार होतं? न करणारे का करत नाहीत, ते हवं होतं."

"मग सरळ विचारायचं ना!"

"तीन मीटिंगा विचारत होते," मॅडम म्हणाल्या. "खोटं लिहिलंत असं मी म्हटलं असतं, तर तुम्ही रागावून घरी गेला असता, आणि अहवालात एवढंच आलं असतं की पेशंटवर भरवसा ठेवता येत नाही. रविवारी सगळ्यांसमोर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तुम्हाला नुकतंच चौघांनी उचलून खुर्चीवर ठेवलं होतं."

मोठ्या डॉक्टरांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. त्यांनीही एकदा पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढची चोपडी या मंडळींनाच करू द्या."

ती करायला दोन महिने लागले आणि आठ जणांची एकोणीस भांडणं झाली. पण चोपडी झाली. तिच्यात 'आज केला नाही, कारण' असा रकाना होता. कोणती कळ नेहमीची आणि कोणत्या कळीला फोन करायचा ते होतं, आणि फोन नंबर प्रत्येक पानावर होता. पहिली प्रत दफ्तरदार स्वतः समोरच्या दारात देऊन आले. मावशींचं ऑपरेशन झालं, आणि आपल्या रकान्यात त्यांनी पहिल्याच आठवड्यात लिहिलं, 'आज कंटाळा आला.' दफ्तरदारांनी ते वाचलं आणि त्यांना त्या बाईचा हेवा वाटला. विमावाल्यांनी मात्र नोटीस बोर्डावरचं अभिनंदन काढून टाकलं आणि ते दफ्तरदारांशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ते कंबर धरून वर आले आणि हळूच विचारू लागले, कंबरेचीही अशी चोपडी निघणार आहे का.

दफ्तरदारांनी स्वतःचं नाव पुन्हा नोंदवलं. उशीर झालाय पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही, असं मॅडम म्हणाल्या. गुडघा हळूहळू पंच्याऐंशीपर्यंत आला. आवाज येई, पण आता ते त्याला दाद देत नसत. एक गोष्ट तेवढी सुधारायची राहिली होती. छापखान्यात पानाचा जुना साचा तसाच वापरला गेला, आणि एप्रिलला पुन्हा एकतीस तारखा मिळाल्या.

तीस एप्रिलला संध्याकाळी दफ्तरदार चोपडी उघडून बसले. एकतिसावा चौकोन कोरा होता. तो कोराच राहणार होता, आणि ते त्यांना बघवेना. ते उठले, पाणी प्यायले, परत आले. अखेर त्यांनी लाल पेन काढलं, पट्टी लावून त्या चौकोनावर तिरपी रेघ मारली आणि लिहिलं, 'सदर तारीख उपलब्ध नाही. छापखान्यास कळवावे.' खाली सही केली. त्यांचा जीव भांड्यात पडला. चोपडी मिटून ते आरामात मागे टेकले.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"आज तीस. ती तारीख उपलब्ध आहे ना अजून?"

दफ्तरदारांनी चोपडी उघडली. तीस तारखेचे दोन्ही चौकोन रिकामे होते. ते खांदा भिंतीला लावून सतरंजीवर उतरले. काकू समोर बसल्या आणि मोजायला लागल्या. आठव्याला दफ्तरदार धापा टाकत थांबले. दहा करायचे होते. त्यांनी पेन मागितलं, क्षणभर हातात धरून ठेवलं, आणि काकू बघत असताना लिहिलं, 'संध्याकाळ: आठ.' मग सकाळच्या चौकोनाकडे वळले आणि कारणाच्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदा, लिहिलं, 'विसरलो.'